ठिबकचे पाणी लिटरमध्ये मोजा : विद्यार्थ्यांना बनवता येईल असा घरगुती प्रवाह सेन्सर

वाशीच्या एपीएमसी मार्केटला टोमॅटो पाठवला की तुमच्या हातात पट्टी येते. किती कॅरेट गेले, वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली, तोलाई आणि मोटारभाडे किती झाले, हे सगळे त्यावर आकड्यांत असते. पण त्याच टोमॅटोला पाणी किती दिले, असे कोणी विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येते, "रोज एक तास मोटर चालवतो." म्हणजे माल किलोत मोजला जातो आणि पाणी तासात.

या लेखात आपण पाण्याचा प्रवाह मोजणारा एक साधा सेन्सर कसा काम करतो, शाळा-कॉलेजचे विद्यार्थी तो कसा बनवू शकतात आणि तुमच्या ठिबकवर त्याचा उपयोग कसा करायचा, हे पाहू. सेन्सर बनवणे फारसे अवघड नाही. त्याचा आकडा खरा आहे की नाही हे तपासणे महत्त्वाचे आहे, आणि ते काम एक बादली आणि एक वजनकाटा करतो.

तासाचा हिशोब कुठे चुकतो?

मोटर एक तास चालली म्हणजे रोज सारखेच पाणी पडले, असे होत नाही. त्याची कारणे तुमच्या ओळखीची आहेत :

• विहिरीची किंवा बोअरची पातळी खाली गेली की पंप तेवढ्याच वेळात कमी पाणी उचलतो.
• फिल्टर चोंदला की ठिबकला दाब कमी मिळतो.
• व्होल्टेज कमी पडले तर पंपाची ताकद घटते.
• सौर कृषिपंप असेल तर सकाळी आणि संध्याकाळी प्रवाह कमी, दुपारी जास्त. ढग आला की आणखी कमी.
• ड्रिपरमध्ये क्षार किंवा शेवाळ साचले की पाणी हळूहळू कमी होत जाते. हे डोळ्यांना लवकर दिसत नाही.

टोमॅटोला याचा थेट फटका बसतो. काही दिवस पाणी कमी पडून झाडाला ताण बसला आणि नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले, तर फळ आतून फुगते, पण साल तेवढ्या वेगाने ताणली जात नाही. फळाला तडा जातो. पाण्याच्या अशाच चढउतारामुळे फळाला कॅल्शिअम नीट पोचत नाही आणि फळाचे टोक काळे पडून सडते. शेतात बारीक दिसणारा तडा रात्रभराच्या प्रवासात उघडतो, रस गळतो आणि शेजारची फळेही खराब होतात. पहाटे गाळ्यावर कॅरेट उघडले की खरेदीदाराला हेच पहिल्यांदा दिसते आणि भाव तिथेच तुटतो.

म्हणून रोज किती लिटर पाणी गेले आणि ते कालच्याइतकेच होते का, हे कळणे गरजेचे आहे.

सेन्सर काम कसा करतो?

पाण्याच्या वाटेत एक छोटी चक्री बसवलेली असते. पाणी जितके जोरात वाहील तितकी चक्री वेगाने फिरते. चक्रीवर दोन छोटे चुंबक असतात आणि बाहेरच्या बाजूला हॉल सेन्सर नावाचा छोटासा इलेक्ट्रॉनिक भाग असतो. चुंबक समोरून गेला की हॉल सेन्सर एक विद्युत ठोका देतो. त्याला पल्स म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये चुंबक आणि विद्युतप्रवाह यांच्यातला हा परिणाम शोधला, म्हणून त्याचे नाव या भागाला मिळाले.

यात मोठी सोय अशी की चुंबकाचा परिणाम प्लास्टिकच्या भिंतीतून आरपार जातो. त्यामुळे पाणी आत आणि वायर बाहेर राहते. पाण्यात एकही वायर न्यावी लागत नाही.

एक लिटर पाणी गेले की किती पल्स मिळतात, हा आकडा एकदा कळला की बाकीचा हिशोब भागाकाराचा. उदाहरणार्थ, बाजारात मिळणाऱ्या अर्धा इंची वायएफ-एस२०१ या तयार सेन्सरसाठी हा आकडा साधारण ४५० पल्स प्रतिलिटर आहे आणि तो मिनिटाला १ ते ३० लिटर प्रवाहासाठी आहे. घरी बनवलेल्या चक्रीचा आकडा वेगळा येईल. तो कुठेही छापलेला नसतो, आपणच काढायचा असतो.

लागणारे साहित्य

• ५० मिमी पीव्हीसी पाइपचा सुमारे ३ सेंमी लांबीचा तुकडा
• दोन्ही बाजू बंद करायला ३ मिमी जाडीच्या अॅक्रिलिकच्या दोन चकत्या
• चक्रीसाठी अॅक्रिलिक किंवा जाड प्लास्टिक; शाळेत थ्रीडी प्रिंटर असेल तर छापलेली चक्री
• आसासाठी सायकलच्या चाकाची गंज न लागणारी तार
• ६ मिमी व्यासाचे, ३ मिमी जाडीचे दोन निओडिमियम चुंबक
• ए३१४४ हा हॉल सेन्सर आणि १० किलो-ओहमचा एक रेझिस्टर
• आर्डुइनो उनो किंवा नॅनो बोर्ड आणि दोन ओळींचा डिस्प्ले
• १६ मिमी लॅटरलला जोडायचे दोन जोडतुकडे
• सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर, लांब स्क्रू, एपॉक्सी
• मोबाइलची पॉवर बँक

बनवण्याच्या पायऱ्या

१. चक्री : सुमारे ४० मिमी व्यासाची, सहा किंवा आठ पात्यांची चक्री कापा. आसावर बसवून बोटाने फिरवा. ती दर वेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर एक बाजू जड आहे. ती घासून समतोल करा. जड बाजूची चक्री कमी प्रवाहात अडकते.

२. चुंबक : दोन्ही चुंबक चक्रीच्या सपाट बाजूवर, काठाजवळ, समोरासमोर बसवा. ए३१४४ हा भाग चुंबकाच्या दक्षिण ध्रुवालाच प्रतिसाद देतो, म्हणून दोन्ही चुंबकांचा दक्षिण ध्रुव सेन्सरकडे हवा. एक जरी उलटा बसला तर एका फेरीत दोनऐवजी एकच पल्स मिळते. चुंबकावर एपॉक्सीचा पातळ थर द्या. त्याचा मुलामा निघाला तर पाण्यात तो गंजतो.

३. डबी : पाइपच्या तुकड्याला पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे भोक अगदी मध्यावर पाडू नका. दोन्ही भोके आसाच्या एकाच बाजूला, एका रेषेत घ्या. धार पात्यांच्या टोकावर पडली तरच चक्री फिरते. मध्यावर पडली तर ती दोन्ही बाजूंना सारखीच ढकलली जाते आणि जागची हलत नाही.

४. झाकण : दोन्ही चकत्यांखाली ट्यूबचे रबर घालून सहा लांब स्क्रूंनी आवळा. ठिबकमध्ये साधारण १ किलो प्रति चौरस सेंमी दाब असतो. एवढ्या दाबाला ५० मिमीच्या चकतीवर सुमारे २० किलोचा जोर येतो, म्हणून नुसते चिकटवून भागत नाही.

५. हॉल सेन्सर : झाकणाच्या बाहेरून, चुंबक जिथून जातो त्या वर्तुळावर बसवा. चुंबक आणि सेन्सर यांच्यातले अंतर ४ मिमीच्या आसपास ठेवा. फार लांब गेले तर पल्स सुटतात.

६. जोडणी : सेन्सरला पाच व्होल्ट आणि ग्राउंड द्या. सिग्नलची वायर बोर्डच्या दोन नंबरच्या पिनला जोडा. सिग्नल आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. तो विसरला तर आकडे वाटेल तसे उड्या मारतात.

७. प्रोग्राम : दर पल्सला मोजणी एकने वाढवायची, दर दहा सेकंदांनी लिटर प्रतिमिनिट दाखवायचे आणि खाली एकूण लिटर दाखवायचे. एवढे पुरे आहे.

सुरक्षेची सूचना : विद्यार्थ्यांनी मोटरच्या स्टार्टरला किंवा त्याच्या वायरींना हात लावू नये. सेन्सर पॉवर बँकेवरच चालवावा. मोटर सुरू-बंद करण्याचे काम शेतकऱ्यानेच करावे.

बादली आणि काटा : खरी परीक्षा

बाजारात तोलाईच्या काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून ठरावीक काळाने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का असतो. शिक्का नसेल तर त्या काट्याच्या वजनावर कोणी विश्वास ठेवत नाही. सेन्सरचेही तसेच आहे, फक्त त्याची पडताळणी तुम्हालाच करायची आहे.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून कॅरेट मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा इथे कामी येतो.

• रिकामी बादली काट्यावर ठेवून वजन शून्य करा.
• सेन्सरमधून पाणी सोडा आणि काट्यावर २० किलो होईपर्यंत भरू द्या. मापे कोरलेली बादली नसली तरी चालते.
• लागलेला वेळ आणि पल्सची संख्या लिहा.
• जास्त, मध्यम आणि कमी अशा तीन प्रवाहांवर प्रत्येकी पाच वेळा करा.

समजा, सरासरी अशी आली :

• जास्त प्रवाह : २० लिटर, ४० सेकंद, १,६६० पल्स, म्हणजे ८३ पल्स प्रतिलिटर
• मध्यम प्रवाह : २० लिटर, ८० सेकंद, १,६४० पल्स, म्हणजे ८२ पल्स प्रतिलिटर
• कमी प्रवाह : २० लिटर, २०० सेकंद, १,५२० पल्स, म्हणजे ७६ पल्स प्रतिलिटर

यातून काय कळते? मिनिटाला १५ ते ३० लिटर प्रवाहात हा सेन्सर भरवशाचा आहे. मिनिटाला ६ लिटरवर मात्र आसाचे घर्षण जाणवते आणि चक्री थोडी मागे पडते. तिथे ८२ हाच आकडा वापरला तर २० लिटरचे साडेअठरा लिटर दिसतील, म्हणजे सुमारे ७ टक्के कमी. त्यामुळे तुमच्या शेतात जो प्रवाह असतो त्याच्या आसपास चाचणी घ्या आणि तोच आकडा प्रोग्राममध्ये भरा.

एकाच प्रवाहावरच्या पाच चाचण्यांचे आकडे एकमेकांपासून फार लांब जात असतील तर प्रोग्राम बदलून उपयोग नाही. चक्री घासते आहे, हवा अडकली आहे किंवा सेन्सर हलतो आहे. आधी ते दुरुस्त करा.

शेतात कुठे बसवायचा?

पाच एचपीच्या पंपाचे सगळे पाणी या छोट्या सेन्सरमधून जाऊ शकत नाही. तो मुख्य पाइपवर बसवू नका. एका लॅटरलच्या सुरुवातीला, फिल्टरच्या पुढे बसवा. ती लॅटरल सगळ्या शेताची खूण म्हणून काम करते.

• सेन्सर आडवा आणि पाइप पूर्ण भरलेला राहील अशा जागी ठेवा. अर्धवट भरलेल्या पाइपात हवेनेही चक्री फिरते आणि आकडा फुगतो.
• सेन्सरच्या आधी १५ सेंमी आणि नंतर ८ सेंमी लॅटरल सरळ ठेवा. वळणाजवळ पाणी भोवरते.
• बोर्ड आणि डिस्प्ले बंद डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा.

एका लॅटरलवरून एकराचा हिशोब

समजा, लॅटरल ६० मीटर लांब आहे, दर ५० सेंमीवर ४ लिटर प्रतितासाचा ड्रिपर आहे आणि दोन लॅटरलमधले अंतर दीड मीटर आहे.

• एका लॅटरलवर १२० ड्रिपर. १२० × ४ = ४८० लिटर प्रतितास, म्हणजे मिनिटाला ८ लिटर.
• एका लॅटरलखाली ६० × १.५ = ९० चौरस मीटर जमीन.
• एकरात साधारण ४४ लॅटरल. ४४ × ८ = ३५२ लिटर प्रतिमिनिट.

हा एकूण आकडा खरा आहे का, हे एका बॅरलने तपासता येते. पंपाचे सगळे पाणी २०० लिटरच्या बॅरलमध्ये सोडा. ३५२ लिटर प्रतिमिनिट असेल तर बॅरल ३४ सेकंदांत भरायला हवे. ठिबकचा दाब नसताना पंप थोडे जास्तच पाणी देतो, म्हणून थोडे लवकर भरले तर ठीक. खूप उशीर लागला तर एकाच वेळी एवढे क्षेत्र चालवायला तुमचा पंप पुरत नाही, असे समजा.

आता पिकाची गरज पाहू. समजा, त्या दिवशीचे संदर्भ बाष्पोत्सर्जन ५ मिमी आहे. ऐन फळधारणेतल्या टोमॅटोचा पीक गुणांक जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार १.१५ आहे. झाडांनी ७० टक्के जमीन झाकली आहे आणि ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के आहे.

५ × १.१५ × ९० × ०.७ ÷ ०.९ = सुमारे ४०० लिटर प्रति लॅटरल

मिनिटाला ८ लिटर असेल तर हे पाणी ५० मिनिटांत पूर्ण होते. पण फिल्टर चोंदून प्रवाह मिनिटाला ६ लिटरवर आला असेल तर त्याच ५० मिनिटांत ३०० लिटरच पडतात. घड्याळ म्हणते पाणी झाले, पण झाडाला पाव हिस्सा कमी मिळाला. असे आठवडाभर चालले आणि मग एक दिवस फिल्टर धुतला, तर झाडाला आधी ताण आणि मग एकदम जास्त पाणी बसते. वर सांगितलेला तडा असाच जातो. म्हणून मोटर ५० मिनिटांनी नको, ४०० लिटर झाल्यावर बंद करा.

आकडा बदलला तर काय समजायचे?

• दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी झाला : ड्रिपर चोंदत आहेत. लॅटरलची टोके उघडून धुवा. आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रिया कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करा.
• एका दिवसात कमी झाला : फिल्टर, व्हॉल्व्ह आणि विहिरीची पातळी पाहा.
• अचानक वाढला : लॅटरल कुठेतरी तुटली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा टोकाची घडी सुटली आहे.
• शून्य झाला : आधी ड्रिपर पाहा. पाणी पडत असेल तर चक्री अडकली आहे.

दोष एकाच लॅटरलचा आहे की सगळ्या शेताचा, हे ओळखायला सेन्सर शेजारच्या लॅटरलवर लावून पाहा. तिथेही आकडा कमी आला तर दाब कमी आहे. तिथे बरोबर आला तर पहिली लॅटरल चोंदली आहे.

नेहमी येणाऱ्या अडचणी

विहिरीच्या पाण्यातले लोखंडाचे बारीक कण चुंबकाला चिकटतात आणि चक्री जड होते. दर पंधरा दिवसांनी डबी उघडून पुसा. आसाचे भोक झिजून मोठे झाले की चक्री डुगडुगते; चकती बदला. उन्हाने रबर कडक होते आणि पाणी झिरपते. विद्राव्य खत सोडल्यावर शेवटी पाच-दहा मिनिटे साधे पाणी सोडा, म्हणजे चक्रीवर खताचा थर बसत नाही.

कोणतीही दुरुस्ती केली की बादलीची चाचणी पुन्हा घ्या. दुरुस्ती नसली तरी महिन्यातून एकदा घ्या.

मर्यादाही लक्षात घ्या

हा सेन्सर सल्ल्यासाठी आहे, पाणीपट्टीसाठी नाही. पाणी मोजून पैसे आकारायचे असतील तर वैधमापन अधिनियम २००९ प्रमाणे पडताळणी केलेले मीटरच लागते. विहीर भाऊबंदकीत सामाईक असेल आणि पाण्याची वाटणी या आकड्यावर करायची असेल, तर बादलीची चाचणी दोन्ही घरांच्या समोर घ्या. चाचणी सर्वांनी पाहिली असेल तरच आकड्यावरून वाद होत नाही.

चक्रीमुळे त्या लॅटरलचा दाबही थोडा कमी होतो. म्हणून आजचा आकडा याच सेन्सरच्या कालच्या आकड्याशी ताडून पाहा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

तुमच्या भागातील ज्या शाळांत नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे, तिथे सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आर्डुइनो आणि थ्रीडी प्रिंटर वापरता येतो. हाताने काम करत शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथे २००२ मध्ये फॅब लॅब आली. गावाची गरज हाच तिथल्या शिक्षणाचा धडा असतो. हा सेन्सर त्याच पद्धतीने शिकवता येईल.

काम तीन भेटींत विभागा. पहिल्या भेटीत मुलांना शेतकऱ्याकडे न्या. त्याला कोणता आकडा हवा आहे, हे त्यांनी स्वतः विचारू द्या. नवी मुंबई परिसरातील कॉलेजांचे विद्यार्थी असतील तर त्यांना पहाटे वाशीच्या भाजीपाला बाजारात न्या. चांगल्या आणि तडकलेल्या मालाच्या भावातला फरक त्यांनी गाळ्यावर पाहिला की पाणी मोजायचे कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या भेटीत शाळेत बादलीची चाचणी घ्या. तिसऱ्या भेटीत सेन्सर शेतात बसवा.

शेतकऱ्याला एक वही द्या. तारीख, मोटर किती मिनिटे चालली, लॅटरलमधून किती लिटर गेले, फिल्टर धुतला का, असे चारच रकाने ठेवा. हंगाम संपला की वही आणि वाशीची पट्टी शेजारी ठेवा. समजा, एकराला १८ लाख लिटर पाणी लागले आणि २५ टन माल निघाला, तर किलोला ७२ लिटर आणि २० किलोच्या कॅरेटला १,४४० लिटर पाणी गेले. पुढच्या हंगामात किती लॅटरल चालवायच्या, टोमॅटो किती क्षेत्रावर घ्यायचा आणि उन्हाळ्यात विहीर पुरेल का, हे या आकड्यावरून ठरवता येते.